दोन जावा, दोन सायकली आणि कोकणातले चढ

पत्र असं आलंय:

"आम्ही दोघी जावा, डोंबिवलीला असतो, वय ५२ आणि ४७. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या गॅलरीत धूळ खात पडलेल्या सायकली बाहेर काढल्या, आता रोज सकाळी २० किलोमीटर होतात, रविवारी कधी ४० पण. जानेवारीत अलिबाग ते गुहागर करायचा विचार आहे, ४ दिवसांत. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हणजे रस्ता सपाटच असणार ना? मोठीचा गुडघा जरा कुरकुरतो म्हणून घाट नको, आणि ट्रक-डंपरची भयंकर भीती वाटते म्हणून मुंबई-गोवा हायवे तर अजिबातच नको. यांचं म्हणणं की मी गाडी घेऊन तुमच्या मागेमागे येतो, ते आम्हाला नकोय. रस्ता कसा ठरवायचा ते सांगा. – दोन जावा"

जावाबाईंनो, आधी वाईट बातमी देऊन टाकते म्हणजे पुढचं गोड लागेल. किनाऱ्याचा रस्ता सपाट नसतो. निदान आपल्या कोकणात तरी नसतो. हा गैरसमज तुमचा एकटीचा नाही, मी स्वतः याच भरवशावर पहिल्यांदा दापोलीहून गुहागरला निघाले होते. दाभोळला फेरीत बसले, खाडीवरचा गार वारा, शेंगदाणे खाल्ले, वाटलं काय मस्त चाललंय, आणि पलीकडे धोपाव्याला उतरून शंभर पावलं गेले नाही तोच रस्ता समोर भिंतीसारखा उभा. अर्धा तास सायकल ढकलत वर चढले. शेजारून एसटी गेली, खिडकीतल्या आजींनी मान बाहेर काढून विचारलं, "बंद पडली काय गो?" काय सांगणार, सायकल ठीक होती, मीच बंद पडले होते.

हे असं का होतं ते एकदा समजून घेतलंत की नकाशा बघून तुमचं तुम्हालाच कळायला लागेल. कोकणचा किनारा म्हणजे एक सलग वाळूची पुळण नव्हे. मध्येमध्ये खाड्या घुसल्यात, आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उंचावरचं उघडं पठार. गाव असतं खाली, वाडीत, नारळी-पोफळीत, समुद्राच्या पातळीला. पुढच्या गावाला जायचं तर रस्ता वाडीतून सड्यावर चढतो, वर पाचदहा किलोमीटर उघड्यावर जातो, आणि परत धाडकन खाडीत उतरतो. खाडी ओलांडली की पुन्हा तेच. महाबळेश्वरासारखा एकच मोठा घाट नसतो हो, पण दिवसातून चारदा छोटा घाट असतो आणि गुडघ्याला तर तेच जास्त लागतं. फेरीबोटीचं गणित तर अगदी साधंय, बोट नेहमी पाण्याच्या पातळीलाच सोडणार, म्हणजे जेट्टी दिसली की पुढे बहुतेक वेळा चढ आहे असं समजून चालायचं.

आता ट्रकचं. तुम्हाला दोन गोष्टी नकोत, चढ आणि ट्रॅफिक, पण या दोघींचं आपसात पटत नाही हे लक्षात घ्या (जावाजावांसारखं म्हणणार होते, पण तुमचं छान जमलेलं दिसतंय). हायवे आत, त्यावर ट्रक. किनाऱ्याचा रस्ता शांत, पण तो सड्यावरून चढउतार करत जातो. आणि किनाऱ्याचाच जो भाग खरोखर सपाट आहे तिथे मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येतात. म्हणजे सपाट आणि शांत दोन्ही पाहिजे असेल तर जागेइतकाच वारही निवडावा लागतो. लोक ॲपवर रस्ता शोधत बसतात आणि कॅलेंडर उघडतच नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत, गुहागर सोडून द्या. या वेळेपुरतं. अलिबाग ते गुहागर दोनशे किलोमीटरच्या वर जातं, तीन फेरीबोटी लागतात, आणि बाणकोटची खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात गेलात की केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ हा सगळा चढउताराचा खेळ. आंजर्ल्याच्या गणपतीला कड्यावरचा गणपती म्हणतात, नावातच सगळं आलं. रोज २० किलोमीटर सपाटीवर चालवणाऱ्या बाईला हे जमणारच नाही असं नाही, पण मजा येणार नाही, आणि तुम्ही मजेसाठी चाललाय ना? तुम्ही रायगड जिल्ह्यातच थांबा. मांडवा ते श्रीवर्धन. आणि यात जे दोन-तीन तुकडे वाईट आहेत तिथे सायकल गाडीत टाका. हो, गाडीत. त्यावर येतेच.

निघायचं सोमवारी. शनिवारी सकाळी सगळी मुंबई अलिबागकडे येते आणि रविवारी संध्याकाळी परत फिरते, त्या वेळी मांडवा-अलिबाग रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे दादरच्या फुलमार्केटात दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकल घालण्यासारखं. सोमवारी सकाळी तुम्ही उलट्या दिशेने असाल. २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी असेल तर तो आठवडा टाळा, नाताळ ते नवीन वर्ष तर विचारूच नका. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० साली सुरू झाली, तासाभरात पोचवते, आणि तिच्यात सायकल पण जाते नि गाडी पण. पनवेल-पेणवरून रस्त्याने जायच्या भानगडीत पडू नका, चुकवायचेत ते सगळे ट्रक तिथेच भेटतील.

मांडव्याला उतरलं की सगळ्या गाड्या मोठ्या रस्त्याने चोंढीवरून अलिबागला जातात. तुम्ही शक्य तेवढं समुद्राच्या बाजूच्या गावांतून जा, सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली. वाट थोडी वेडीवाकडी आहे, चारदा विचारावं लागेल, पण झाडांची सावली आहे आणि चढ म्हणावा असा नाही. सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, तिथे थांबा, म्हैस बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या दिवशी अलिबागच्या पुढे नागावला मुक्काम करा, ३०-३२ किलोमीटर होतील, रोजच्या सवयीपेक्षा थोडेच जास्त.

दुसरा दिवस सगळ्यात सुखाचा. अलिबागहून रेवदंड्यापर्यंत सतराएक किलोमीटर आहे, त्यातलं आक्षी-नागाव तर मुक्कामाआधीच होऊन जातं (आक्षीला मराठीतल्या जुन्यातल्या जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, रस्त्यालगतच, पुष्कळ लोक त्याच्यासमोर वडापाव खातात आणि माहीतच नसतं), राहतं ते नागाव, चौल, रेवदंडा. दोन्ही बाजूंना वाड्या, रस्ता अरुंद, सपाट. रेवदंड्यात तर रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून जातो. अरुंद रस्ता ऐकून घाबरू नका, आठवड्याच्या मधल्या वारी इथे अरुंद रस्ताच बरा, गाड्या आपोआप हळू होतात. रुंद रस्त्यावर सुटलेला टेम्पो जास्त वाईट. पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल. पुलावर सायकल चालवताना डाव्या कठड्याला चिकटून जायचा मोह होतो, तसं करू नका, जरा आत राहा, नाहीतर मागचा माणूस "जाईल की" म्हणून घुसतोच. साळावला कारखाना आहे म्हणजे थोडे ट्रक दिसतील, पण थोडाच वेळ. मग कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या वस्तीत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, कान देऊन ऐका. इथून पुढे काही ठिकाणी रस्ता पाण्याला इतका लागून आहे की भरतीचे तुषार अंगावर येतात.

काशीदच्या अलीकडे-पलीकडे थोडे चढ आहेत, फणसाडच्या जंगलाची डोंगररांग इथे समुद्राजवळ येते. हे चढ तुम्हाला जमतील. आणि नाही जमले तर उतरून ढकला, त्यात लाज कसली. मोठ्या जाऊबाईंनी एक करायचं, चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करायचा, पुढची लहान चकती मागची मोठी चकती. चढावर अर्ध्यात गेल्यावर गिअर बदलायला जाल तर चेन कडकड करते, जोराने पाय दाबला जातो, आणि गुडघ्याची वाट तिथेच लागते. सीटची उंची पण बघा, आपल्याकडे बायका सीट फार खाली ठेवतात, पाय टेकायला पाहिजे म्हणून. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. निम्मी गुडघेदुखी या एका गोष्टीने जाते, उरलेल्या निम्मीसाठी मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, मी सायकलवाली आहे हाडांची डॉक्टर नव्हे.

मुरुडला मुक्काम. तिसऱ्या दिवशी मुरुडहून अगरदांड्याला या, आठदहा किलोमीटर, थोडा चढउतार आहे. तिथून दिघीला फेरी, गाड्या घेऊन जाणारी. ओहोटीच्या वेळी जेट्टीचा उतार शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो, बसून जाऊ नका, उतरून हातात सायकल धरून चढा-उतरा. मी एकदा तिथे शंभर लोकांसमोर आपटलेय, खरचटलं कमी आणि लाजले जास्त.

आणि आता दिघी. दिघीला बंदर आहे, म्हणून माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड ट्रक, आणि बोर्ली पंचतनकडे निघालात की चढ. तुम्हाला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या. हा तुकडा चालवूच नका.

इथे तुमच्या अहोंची गाडी कामाला येते. मागेमागे येतो म्हणतात ते मात्र त्यांना करू देऊ नका, तुम्ही बरोबर आहात. ताशी १५ च्या वेगाने चालणारी गाडी स्वतःच ट्रॅफिक होते, मागचे ओव्हरटेक करायला बाहेर येतात आणि तुम्हाला घासून जातात. शिवाय आपला नवरा मागून बघतोय म्हटल्यावर कुठली बाई निवांत सायकल चालवेल? त्यांना पुढे पाठवा. सकाळी तुम्ही निघा, ते उशिरा उठोत, नाश्ता करोत, तुम्हाला ओलांडून पुढे जाऊन अगरदांड्याच्या जेट्टीवर थांबोत. दोन सायकली मागच्या कॅरियरवर, फेरीतून पलीकडे, थेट बोर्ली पंचतन. तिथून दिवेआगर चारपाच किलोमीटर, तेवढं पुन्हा तुम्ही चालवा. सामान पण गाडीतच द्या, सायकलवर फक्त पाणी, पंक्चरचं सामान आणि खाऊ. मोहीम पूर्ण सायकलवरच व्हायला पाहिजे असं कुणी सांगितलंय? ज्यांना सांगायचंय त्यांना फोटो सपाटीचेच दाखवा.

चौथा दिवस दिवेआगर ते श्रीवर्धन, आणि खरं सांगू का, या एका दिवसासाठी बाकी तीन दिवस आहेत. मधल्या रस्त्याने जाऊ नका, समुद्राकडचा घ्या, आरवी, कोंडवीळ, शेखाडी करत जाणारा. वीस-बावीस किलोमीटर. उजव्या हाताला सारखा समुद्र, मधेच काळे खडक, मधेच कोळ्यांच्या होड्या, आणि आठवड्याच्या मधल्या वारी मोजून दहा गाड्या. अगदी ताटासारखा सपाट नाही, लहान लहान उंचवटे आहेत, पण तेवढ्याने दम लागला तर लागू दे, थांबायला जागा इतक्या सुंदर आहेत की थांबायचं कारण पाहिजेच असतं. श्रीवर्धनला पोचलात की संपवा. हरिहरेश्वरला पुढे जायचा मोह होईल, जा, पण गाडीने, त्या रस्त्याला परत चढ आहेत.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते सायकलवर बसल्यावर पहिल्यांदा समजतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, मंद. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे, आणि हिवाळ्यात तो साधारण वायव्येकडून येतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं, मांडव्याहून श्रीवर्धनला, उलटं नाही. उलट गेलात तर दुपारी वारा तोंडावर, आणि समोरचा वारा हा न दिसणारा चढच असतो. तसंही दुपारी चालवूच नका. जानेवारीत उजाडायला सात वाजतात, उजाडलं की निघा, साडेदहा-अकराला कुठल्यातरी वाडीत शहाळं घेऊन बसलेलं असायला पाहिजे. जड वाहनं, पर्यटक, ऊन हे सगळं त्यानंतर सुरू होतं.

ॲपवर चढ बघायचा असेल तर स्ट्राव्हा किंवा कोमूटवर रस्ता आखून खालचा उंचीचा आलेख बघा, गूगल मॅप्सच्या नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. १० किलोमीटरमध्ये एकूण १०० मीटर चढ असेल तर आरामात होतं. पण १ किलोमीटरमध्येच १०० मीटर दिसला तर तो ढकलायचा चढ. आणि एक गंमत, कड्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आणि पुलांना हे आलेख कधीकधी खोटेच चढ दाखवतात, कारण उंचीची माहिती शेजारच्या डोंगराची किंवा खालच्या पाण्याची घेतलेली असते. शेखाडीच्या रस्त्याचा आलेख करवतीसारखा दिसला तर घाबरू नका.

पुळणीवर सायकल चालवायची इच्छा होईलच, दिवेआगरला ओहोटीला वाळू सिमेंटसारखी घट्ट होते. ओहोटी कधी ते आजीच्या हिशोबाने काढा, तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती, म्हणजे साधारण नऊ वाजता ओहोटी. अगदी मिनिटाला बरोबर येत नाही पण फिरायला पुरतं. मात्र त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल द्या. खाऱ्या वाळूने चेन दोन दिवसांत करकरायला लागते आणि आठवड्यात लाल होते.

पंक्चर काढणारे गावोगाव भेटतात, पण तुमच्या सायकलीच्या ट्यूबचा वॉल्व्ह जर बारीक, लांब, टोकाला स्क्रूवाला असेल तर गावातल्या कंप्रेसरची नळी त्याला बसत नाही. पाचपन्नास रुपयांचा पितळेचा ॲडॉप्टर मिळतो, तो किल्ल्यांच्या कीचेनला लावून ठेवा. एक जास्तीची ट्यूब, हातपंप, आणि मागे लाल लुकलुकणारा दिवा, दिवसा पण चालू ठेवायचा. ट्रकवाल्याची भीती वाटते ना, मग त्याला लांबून दिसणं हाच खरा उपाय. हँडलला छोटा आरसा लावा. आणि शेजारी शेजारी गप्पा मारत चालवू नका, मला माहितेय फार अवघड आहे, गप्पा शहाळ्यापाशी.

जेवायचं आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. आठवड्याच्या मधे गिऱ्हाईक नसतं म्हणून घरगुती खानावळवाले चूल पेटवतच नाहीत, आणि तुम्ही बारा वाजता भुकेने कासावीस होऊन दारात उभ्या राहिलात तर ती बिचारी बाई तरी काय करणार.

हे सगळं वाचूनही मोठ्या जाऊबाई म्हणाल्या की मला एकसुद्धा चढ नको, तर मग गाडी दुसरीकडे वळवा, दक्षिण गोव्याच्या किनाऱ्याला. वेळसांवपासून माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का करत केळशी-मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा खरोखर ताटासारखा आहे, भातशेती, चर्च, माडांच्या रांगा. (ही केळशी गोव्यातली, वरची दापोलीतली.) मडगावला रेल्वेने उतरायचं, तिथून कोलवा जवळच. बाणावलीत तीन रात्री एकाच ठिकाणी राहायचं आणि रोज वेगळ्या बाजूला चालवायचं, सामान नाही, फेरी नाही, अहो घरी राहिले तरी चालतील. मला विचाराल तर जरा जास्तच सपाट आहे, पण गुडघा तुमचा आहे.

जायच्या आधी दोन शनिवार-रविवार लागोपाठच्या दोन दिवसांची सवय करून बघा, शनिवारी ३० आणि रविवारी ३०. एक दिवस ४० होतात याला काही अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसवतं का ते महत्त्वाचं. जमलं तर त्यातला एक रविवार पालघरजवळच्या केळवे-माहीमला करा, समुद्र, पानवेली, सुरूची झाडं आणि चढ नावाला नाही. कुठे दुखतं ते तिथेच कळेल आणि सीट बदलायची असली तर जानेवारीच्या आत बदलून होईल.

अगरदांड्याच्या फेरीच्या वेळा आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या, आणि अहोंना आठवण करा की कॅरियरचे पट्टे गाडीत टाकलेत की घरीच राहिलेत.